विनानांगरणी पेरणी: चर मिटवणारी चाकं कशी निवडायची?

आपल्याकडे पाभरीने किंवा तिफणीने पेरलं की मागोमाग रासणी फिरते, नाहीतर फळी मारली जाते. तास झाकला जातो, माती बियाला बसते आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. जमीन आधी नांगरून, वखरून भुसभुशीत केलेली असते, त्यामुळे झाकण्याचं काम तसं सोपंच. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात, म्हणजे आयोवा, इलिनॉय, इंडियाना, नेब्रास्का या राज्यांत, बरेच शेतकरी जमीन नांगरतच नाहीत. गेल्या हंगामातल्या मक्याची धसकटं तशीच, पाचट पसरलेलं, आणि त्यातून १६ किंवा २४ ओळींचा प्लँटर, म्हणजे पेरणी यंत्र, ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने निघालेला. तिथे रासणी नाही, फळी नाही. प्रत्येक ओळीच्या शेपटाला दोन छोटी चाकं तिरकी बसवलेली असतात. बी झाकणं, चर मिटवणं, माती दाबणं, सगळं त्यांच्याच गळ्यात.

ही क्लोजिंग व्हील. बाजारात त्यांचे डझनावारी प्रकार आहेत: साधी रबरी, बिडाची, लांब काट्यांची, आखूड काट्यांची, पिळलेल्या दातांची, एकीकडे रबरी नि एकीकडे काटेरी. १६ ओळींच्या प्लँटरला ३२ चाकं लागतात, म्हणजे निवड चुकली तर खिशाला चांगलाच चटका बसतो. त्यामुळे "सगळ्यात चांगलं चाक कुठलं?" असा प्रश्न येणारच. माझ्या मते हा प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. पेरणीच्या दिवशी आपल्या शेतात चराच्या भिंती कशा होतात ते आधी बघावं, चाकाचा विचार नंतर.

थोडी मागची गोष्ट सांगतो, कारण त्यातच मेख आहे. केंटकी राज्यातल्या हर्नडन इथे हॅरी यंग या शेतकऱ्याने १९६२ साली एकराहून कमी तुकड्यात न नांगरता मका पेरला. अमेरिकेतली व्यापारी शेतीतली विनानांगरणी तिथून सुरू झाली असं मानतात. त्यानंतर नवी तणनाशकं आली, यंत्रं सुधारली, मातीची धूप थांबते, ओल टिकते, डिझेल वाचतं हे लोकांना दिसलं. २०१७ च्या कृषिगणनेत तिथलं विनानांगरणी क्षेत्र १० कोटी एकरांच्या वर भरलं. पण बहुतेक प्लँटर मुळात नांगरलेल्या जमिनीसाठी घडवलेले. त्यांच्यावर कारखान्यातून येणारी रबरी चाकं मोकळी माती चिमटीत धरून बियावर ढकलण्यासाठी आहेत. जमीन मोकळी नसेल तर ती चिमटीत काय धरणार? काटेरी चाकांचा सगळा बाजार या एका अडचणीतून उभा राहिला. त्यातल्या मार्टिन या जुन्या नावाजलेल्या कंपनीचं गाव, एल्क्टन, हर्नडनच्या शेजारच्याच काउंटीत आहे.

चर पडतो कसा

प्लँटरचं एक युनिट, म्हणजे एका ओळीचा संच, पुढून मागे बघत जाऊ. सगळ्यात पुढे, बसवली असतील तर, पाचट बाजूला सारणारी दातेरी चक्रं. त्यांच्यामागे दोन तवे, साधारण १५ इंच व्यासाचे, पुढच्या बाजूला एकमेकांना टेकलेले आणि मागे फाकलेले. हे जमिनीत शिरून निमुळत्या तळाचा चर पाडतात. तव्यांच्या अंगाला लागून दोन रुंद चाकं चालतात, ती पेरणीची खोली राखतात. मधल्या नळीतून बी चराच्या तळाशी पडतं. त्यामागे पुष्कळ जण प्लॅस्टिकची लवचीक पट्टी लावतात. तिला सीड फर्मर म्हणतात, आणि तिचं काम बी तळाला हलकेच दाबून बसवणं. मग आपली क्लोजिंग व्हील.

आता तव्यांकडे नीट बघा. ते माती उकरून बाहेर टाकत नाहीत, दोन्ही बाजूंना रेटून वाट काढतात. नांगरलेल्या रानात रेटलेली माती लगेच ढासळते आणि चर निम्मा आपोआप बुजतो. न नांगरलेल्या रानात भिंती उभ्याच राहतात. त्यात जमीन चिकण आणि ओली असली, तर थापीने गिलावा घोटावा तशा या भिंती तवे घोटून जातात. खोली राखणाऱ्या चाकांवर गरजेपेक्षा जास्त दाब दिला असेल तर त्या आणखी आवळल्या जातात. घोटलेली भिंत ओली असेपर्यंत निरुपद्रवी दिसते. चार दिवस ऊन पडलं की ती कडक होते आणि कोवळ्या मुळांना तिच्यात शिरता येत नाही. मग मुळं चराच्या रेषेतच पुढे-मागे धावतात. झाड उपटून पाहिलं तर मुळांचा पंखा एकाच पातळीत चपटा झालेला दिसतो. खत, पाणी, जात, कशाचाही दोष नसताना असं पीक जूनमध्ये पहिल्या ताणाला माना टाकतं.

पेरणीनंतर वेळेवर पाऊस झाला तर हे सगळं झाकून जातं. भिंती मऊ राहतात, मुळं वाट काढतात आणि शेतकऱ्याला वाटतं आपली चाकं उत्तम. पुढच्या वर्षी पेरणीनंतर कोरडं गेलं की तीच चाकं तोंडघशी पाडतात. एका हंगामावरून चाकाला प्रमाणपत्र देऊ नये म्हणतात ते यासाठीच.

बियाला काय लागतं

मक्याचं बी स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० ते ३५ टक्के पाणी शोषून घेतं तेव्हा त्याला मोड येतो. सोयाबीनला जवळपास ५० टक्के लागतं. हे पाणी बियाला चिकटलेल्या मातीतून येतं. बियाच्या एका अंगाला माती आणि दुसऱ्या अंगाला हवेची पोकळी असेल तर पाणी हळू शिरतं आणि कोंब उशिरा येतो.

एक-दोन दिवसांच्या उशिराने काय बिघडतं, असं वाटेल. मक्यात बिघडतं. तिथे दोन ओळींत ३० इंच अंतर ठेवतात. एका एकरात सव्वापाच किलोमीटर लांबीचा चर पडतो आणि त्यात ३२ ते ३४ हजार बिया, म्हणजे साधारण सहा इंचाला एक. शेजारच्या दोन झाडांपेक्षा एक-दोन पानं मागे राहिलेलं झाड मग सावलीतच वाढतं. त्याला लहानसं कणीस येतं, कधी येतच नाही, पण पाणी आणि खत मात्र ते पुरेपूर खातं. थोडक्यात, आपणच पेरलेलं तण. सोयाबीनचं तसं नाही. एखादं झाड मागे पडलं किंवा तुटाळ झाली तरी शेजारची झाडं फांद्या टाकून जागा भरून काढतात. म्हणून चाकांवर खर्च करायचा तर हिशेब मक्याचा धरावा, सोयाबीनचा फायदा वरकड समजावा. आपल्याकडे दोन बायका लावून नांग्या भरून घेता येतात. हजार एकरांच्या रानात ते होणं नाही. तिथे एक तर आहे ते चालवून घ्यायचं, नाहीतर अख्खं शेत पुन्हा पेरायचं.

खोलीचाही एक मुद्दा आहे. मका साधारण दोन इंच खोल पेरतात. बी एवढ्या खोल असलं तरी मक्याची कायमची मुळं जमिनीच्या पाऊण इंच खाली फुटतात. बियापाशी सगळं ठीक आहे, पण वरचा चर उन्हाने पुन्हा फाकला, तर नेमकी ही मुळं उघड्या, कोरड्या हवेत येतात. झाडाला बूड धरत नाही, वाऱ्याने ते आडवं होतं. म्हणजे चाकांनी नुसतं बियावर माती टाकून भागत नाही. तळापासून वरपर्यंत चर भरला पाहिजे आणि तो भरलेला राहिला पाहिजे.

सोयाबीनची अडचण वेगळी. मका सुईसारखा अणकुचीदार कोंब वर पाठवतो. सोयाबीन मात्र मान वाकवून दोन जाड डाळिंब्या ओढत वर आणतं. ओळीवर माती घट्ट दाबली गेली आणि वर जोराचा पाऊस होऊन पापडी धरली, तर सोयाबीनची मान तिथेच मोडते. खरिपात पेरून दुसऱ्याच दिवशी पाऊस बदडून गेला की आपल्या सोयाबीनवाल्यांना हा अनुभव येतोच.

रबरी चाक वाईट नाही

साधारण १२ इंच व्यासाची, इंचभर रुंदीची, गुळगुळीत रबरी चाकं. जोडी अशी तिरकी बसवलेली की दोन्हींचा दाब आत कलतो आणि जमिनीखाली थोड्या खोलीवर एकत्र येतो. मोकळ्या मातीत हा दाब दोन्ही बाजूंची माती बियापर्यंत ढकलतो आणि वरून ओळ नीट बंद होते. रेताड जमिनीत, नांगरलेल्या जमिनीत, वाळून मऊ भुसभुशीत झालेल्या वापशात मी तरी रबरी चाकं काढायला सांगणार नाही. नेब्रास्कातल्या रेतीच्या भागात काटेरी चाकं लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं. काटे आधीच सुटी असलेली माती आणखी उकरतात, ओल उडून जाते, आणि काटा खोल गेला तर बीसुद्धा जागेवरून हलतं किंवा वर येतं.

रबरी चाकाचं बिंग फुटतं ते ओल्या चिकण मातीत. भिंती घोटलेल्या असतात आणि चाक वरून चालतं. वरचा अर्धा-पाऊण इंच भाग दाबून एकमेकांना चिकटतो, खाली बियाभोवती पोकळी तशीच. ट्रॅक्टरवरून वळून बघणाऱ्याला ओळ झकास मिटलेली दिसते. तीन दिवसांच्या उन्हात माती आकसते आणि बरोबर ओळीच्या मधोमध भेग उघडते. बोट घालून खाली बी दिसावं इतकी.

अशा वेळी पहिली इच्छा होते ती स्प्रिंगचा दाब वाढवण्याची. बहुतेक प्लँटरच्या मागच्या दांडीला खाचा असतात, एक खाच पुढे सरकवली की झालं. बरेचदा याने परिस्थिती आणखी बिघडते. वर पापडी घट्ट होते, पोकळी जिथल्या तिथे. दाब वाढवून घोटलेली भिंत फुटत नाही. ती फोडावीच लागते.

बिडाचं चाक आकाराने रबरीसारखंच, पण जड आणि कडक. वाळलेल्या, टणक, न नांगरलेल्या जमिनीत त्याची कड जरा आत शिरते, म्हणून पूर्वीपासून ते विनानांगरणीवाल्यांचं आवडतं. जमीन ओली असेल तर मात्र ते ओळीवर दोन चाकोऱ्या पाडून जातं आणि बियावर नको इतका भार टाकतं. आता चांगली काटेरी चाकं मिळत असताना केवळ विनानांगरणीसाठी नवी बिडाची चाकं घ्यावीत असं मला वाटत नाही. जुनी बसवलेलीच असतील तर कोरड्या वर्षी वापरावीत.

काटे काय करतात

काटेरी चाक दाबत नाही, भोसकतं. फिरताना एकेक काटा चराच्या भिंतीत बाजूने शिरतो, तिचा तुकडा मोडतो आणि सुटी माती चरात पाडतो. भिंत सलग राहत नाही, त्यामुळे वाळल्यावर चर एका रेषेत उघडत नाही आणि मुळांना आडवं पसरायला वाट मिळते. ओल्या चिकण जमिनीत हे काम रबराकडून होणं शक्यच नाही.

पण काटेरी चाकांच्या तीन खोडी आधीच माहीत असाव्यात. पहिली, ती माती मोकळी करतात, बियावर बसवत नाहीत. म्हणून दोन्ही काटेरी चाकं लावायची तर पुढे सीड फर्मर हवाच, असं माझं ठाम मत आहे. बी आधी तळाशी बसलेलं असलं की मग काट्यांनी वर काहीही केलं तरी चालतं. दुसरी खोडी, खोलीवर ताबा नसतो. मऊ जागा आली की काटे बुडतात. यावर उपाय म्हणून काही चाकांना काट्यांच्या आत एक कडं दिलेलं असतं. कडं जमिनीला टेकलं की काटा त्याच्यापलीकडे जात नाही. दर वर्षी वेगवेगळ्या ओलीत पेरावं लागत असेल तर कडं असलेलंच चाक बघावं. तिसरी, ती ओळ ओबडधोबड सोडतात. त्यासाठी मागे साखळीचा एक तुकडा ओढत नेतात. साखळी ढेकळं सारखी करते आणि ओळीवर मातीचा पातळ थर पसरवते. स्वस्त वस्तू आहे, पण काटेरी चाकांबरोबर ती नसली की ओळ उघडीबोडकी दिसते.

काट्यांच्या आकारातही फरक पडतो. लांब, सुटे, सरळ काटे सगळ्यात आक्रमक. जड चिकण मातीत तेच कामाचे, पण हिवाळ्यात राय या गव्हासारख्या तृणधान्याचं आच्छादन पीक घेऊन ते उभं असतानाच पेरणाऱ्यांना ते नको होतात, कारण लांब हिरवी राय काट्यांना गुंडाळली जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. पिळलेल्या किंवा वळवलेल्या दातांची चाकं, जशी येटर कंपनीची ट्विस्टर, थोडी मवाळ असतात. त्यांचे दात आखूड आणि कडेला धरून, त्यामुळे पाचट कमी अडकतं आणि ती मोडण्याबरोबर थोडं दाबतातही. मध्यम पोयट्याच्या जमिनीला, आणि अनेक वर्षं न नांगरल्यामुळे जिची घडण सुधारली आहे अशा जमिनीला, हे पुरेसे होतात.

एका बाजूला काटेरी आणि दुसऱ्या बाजूला रबरी, ही तडजोड बऱ्याच शेतकऱ्यांनी स्वीकारली आहे. एक चाक भिंत मोडतं, दुसरं ती माती बियावर बसवतं आणि काटेरी चाकाला जास्त बुडू देत नाही. ऐकायला हे अर्धवट वाटतं. पण ज्याच्या शेतात एका टोकाला चिकण खळगा आणि दुसऱ्या टोकाला हलका उंचवटा आहे आणि जो एका दिवसात दोन्ही पेरतो, त्याला एकच एक टोकाचं चाक चालत नाही. अशा मिश्र रानासाठी मी डोळे मिटून हीच जोडी सुचवेन. एक भिंत घोटलेली उरते खरी, पण मुळांना निदान एक बाजू मोकळी मिळते.

याच्या पुढची पायरी म्हणजे दोन टप्प्यांची यंत्रणा. पहिली जोडी भिंती मोडते, मागची जोडी माती बसवते, आणि दाब हवेच्या जोरावर ट्रॅक्टरच्या केबिनमधून कमी-जास्त करता येतो. प्रिसिजन प्लँटिंग कंपनीची फरोफोर्स ही यातली एक. काम चोख, किंमतही तशीच. केस आयएच कंपनीच्या अर्ली रायझर प्लँटरची रचना मुळातच निराळी आहे. तिथे दोन छोटे तवे माती चरात ओढतात आणि मागे एकच रुंद चाक ती दाबतं. तो प्लँटर असणाऱ्याने इतरांची काटेरी चाकं बघून हुरळून जाऊ नये. आधी ते छोटे तवे किती खोल चालतात ते तपासावं.

चाकं बदलण्याआधी

निम्मी दुखणी चाकांची नसतातच.

सगळ्यात वरचा नंबर वापशाचा. शेत वापशावर आलेलं नसताना घाई केली की चराच्या भिंती घोटल्या जाणारच. मग मागे कुठलंही चाक लावा, ते आधीच झालेली चूक निस्तरत बसतं. चराच्या खोलीवरची मूठभर माती घ्या, अंगठा आणि बोटाने दाबून पट्टी करा. लांब, चकचकीत पट्टी निघाली आणि तुटत नसेल तर प्लँटर शेडमध्येच बरा. दोन दिवस थांबणं हे कुठल्याही काटेरी चाकापेक्षा स्वस्त पडतं. अर्थात मे महिना निम्मा सरलेला असतो, पुढे पुन्हा पावसाचा अंदाज असतो, आणि तेव्हा थांबा म्हणणं सोपं नसतं, हेही खरं. काटेरी चाकं मुख्यतः अशा वर्षांसाठी असतात.

मग तवे बघा. १५ इंचाचे नवे तवे झिजून साडेचौदाच्या खाली गेले की ते पुढे एकमेकांना नीट टेकत नाहीत. चराचा तळ मधोमध उंच राहतो आणि बी कधी या अंगाला, कधी त्या अंगाला पडतं. अशा चरात बी नेमकं कुठे आहे हे मागच्या चाकांना कळायला मार्ग नाही. तवे बोथट झाले की पाचट कापलं न जाता वाकून चरात दाबलं जातं, बी त्या पाचटावर पडतं आणि मातीला टेकतच नाही. त्यावर औषध पुढची दातेरी चक्रं आणि धारदार तवे. मागची चाकं त्यात काही करू शकत नाहीत.

त्यानंतर चाकांची मध्यरेषा. प्लँटर काँक्रीटवर किंवा टणक जमिनीवर उतरवा आणि जेमतेम दोन-तीन फूट पुढे ओढा. तव्यांनी पाडलेला पांढुरका ओरखडा दोन्ही क्लोजिंग व्हीलच्या बरोबर मधून गेला पाहिजे. एखाद्या युनिटवर तो एका चाकाच्या अगदी खालून जाताना दिसेल. तिथे दांडीचं बुश, म्हणजे सांध्यातली नळी, झिजलेलं असतं, शेपूट हाताने हलवलं तर डावी-उजवीकडे डुगडुगतं. ते चाक चर मिटवायचं सोडून बियावरूनच चालत असतं. बुश बदलायला पाव तास लागतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच ओळ मिटायला लागते.

आणि प्लँटरची पातळी. मुख्य दांडा पुढे झुकलेला असेल तर शेपूट उचललं जातं आणि मागच्या चाकांना दाब मिळत नाही. मागे झुकलेला असेल तर दाब जास्त होतो. शेतात, पेरताना, खाली उतरून बाजूने बघायचं. शेडमध्ये सपाट दिसणारा प्लँटर भरलेल्या बियाण्यानिशी मऊ रानात वेगळाच बसतो.

चाकं पुढे-मागे बसवण्यासाठी अनेक प्लँटरना दोन भोकं दिलेली असतात. पाचट दाट असेल तर एक चाक इंच-दोन इंच पुढे घ्या. दोन्ही चाकं समोरासमोर असली की त्यांच्या चिमटीत पाचटाचा बोळा अडकतो.

उकरून बघताना

चर मिटला की नाही हे ट्रॅक्टरवरून कळत नाही आणि वरून उकरूनही कळत नाही. वरून खुरपं घातलं की पोकळी असलेली जागाच आपण मोडून टाकतो. ओळीला आडवा छेद घ्यायचा. ओळीपासून वीतभर अंतरावर सहा इंच खोल खड्डा करा, मग सपाट पात्याने ओळीच्या दिशेने पातळ पातळ काप घेत जा, भिंत उभी ठेवून. बी येईपर्यंत हळू. चांगल्या ठिकाणी चर कुठे होता ते ओळखूच येत नाही, रवाळ मातीत बी घट्ट बसलेलं दिसतं. वाईट ठिकाणी दोन चकचकीत रेषा वर जाताना दिसतात आणि त्यांच्या बुडाशी बी उघड्यावर पडलेलं असतं. भिंतीवरून नख फिरवा. माती नखाबरोबर कणाकणाने सुटली तर ठीक, नखाचा नुसता ओरखडा उमटला तर भिंत घोटली गेली आहे.

हे एकाच ओळीत करून भागत नाही. ट्रॅक्टरच्या टायरमागच्या ओळी वेगळ्या बघा, तिथली माती दबलेली असते. सकाळच्या ओलीत एकदा आणि दुपारी जमीन सुकल्यावर पुन्हा एकदा बघा. आणि पेरून चार-पाच दिवसांनी, मधे पाऊस झाला नसेल तर, परत जाऊन ओळ फाकली का ते पाहा. चाकाची खरी परीक्षा त्या दिवशी होते.

काळ्या जमिनीचं काय

टेक्सासमध्ये ह्यूस्टन ब्लॅक नावाची काळी जमीन आहे. ती आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्याची कापसाची काळी जमीन एकाच गटातल्या, व्हर्टिसोल. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. या जमिनीत चर पुन्हा उघडण्याचा धोका सगळ्यात मोठा, कारण माती स्वतःच आकसून ओळीवर भेग पाडते, आणि भेग पडायला घोटलेली भिंत आयती रेषा देते. अशा जमिनीत गुळगुळीत रबरी जोडीवर भरवसा ठेवू नये. भिंत मोडणारं निदान एक चाक हवं, आणि वर साखळी.

आपल्याकडे बहुतेक पेरणी अजून मशागत करूनच होते. जिथे नांगरणी टाळली जाते, जसं नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत, तिथे बरंचसं काम गादीवाफ्यावर टोकणीने होतं, त्यामुळे हा प्रश्न तितका भेडसावत नाही. उत्तर भारतात भातामागे गहू शून्य मशागतीत पेरायची यंत्रं पंतनगर कृषी विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घडली, पण त्यांना तवे नसून उलट्या टी आकाराचे फाळ होते. तो फाळ आत रुंद आणि वर अरुंद चर करतो, वरची माती आपणच पडते आणि मिटवायला फारसं काही लागत नाही. जोड-तव्यांचे प्लँटर आपल्याकडे मक्याच्या आणि कापसाच्या पेरणीत येऊ लागले आहेत. सोयाबीननंतर न नांगरता हरभरा किंवा मका असा बेत करून असं यंत्र घेणाऱ्याने मागची चाकं बदलता येतात का आणि दाबाच्या खाचा किती आहेत, हे विकत घेण्याआधी विचारून ठेवावं. यंत्र दाखवणारा माणूस बहुतेक वेळा फक्त बियांच्या तबकड्यांबद्दल बोलतो.

नवी चाकं घ्यायची ठरलीच, तर सगळ्या ओळींना एकदम बसवू नका. चार ओळींना बसवा, टायरच्या चाकोऱ्या सोडून, आणि शेजारच्या चार ओळी जुन्या ठेवा. कोंब दिसायला लागले की १७ फूट ५ इंच ओळ मोजून घ्या. ३० इंची अंतरात ती एकराचा हजारावा भाग असते. त्या तुकड्यात पहिल्या दिवशी उगवलेल्या प्रत्येक रोपाशी एका रंगाची काडी खोवा, दुसऱ्या दिवशी उगवलेल्यांना दुसऱ्या रंगाची, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. कापणीआधी त्याच तुकड्यातली कणसं रंगानुसार वेगळी तोडून वजन करा. नव्या ओळींत पहिल्या रंगाच्या काड्या जास्त निघाल्या आणि वजनातही फरक दिसला, तर उरलेल्या १२ ओळींची ऑर्डर द्यायला हरकत नाही.